टाकीतले जिवाणू, नदीतली जलपर्णी

होळी उलटली की काळेवाडी आणि पिंपरी यांच्या मधलं पवनेचं पात्र हिरवं होऊ लागतं. पुलावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला नदीत कुरण उगवलंय असं वाटावं, इतकी दाट जलपर्णी. मग डास वाढतात, तक्रारी वाढतात, ठेकेदाराची यंत्रं पात्रात उतरतात, काढलेल्या जलपर्णीचे ढीग काठावर पडतात. पावसाळ्यात पवना धरणातून पाणी सुटलं की उरलीसुरली दापोडीच्या संगमाकडे वाहून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा निविदा.

दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाची बाजू सहसा कुणी मांडत नाही. नदीत सांडपाणी आहे म्हणून ते इथे माजतं. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे त्याचं खत. १९७०च्या दशकात अमेरिकेत नासाचे शास्त्रज्ञ बिल वुल्व्हर्टन यांनी मिसिसिपीतल्या संशोधन केंद्रात याच जलपर्णीकडून सांडपाणी शुद्ध करून घेतलं होतं. फरक एवढाच की तिथे ती आखीव तळ्यात होती, पाणी किती दिवस ठेवायचं ते ठरलेलं होतं आणि वाढलेली जलपर्णी वेळच्या वेळी उपसली जात होती. उपसली की तिने शोषलेली द्रव्यं तिच्याबरोबर बाहेर जातात. पवनेत ती बरीचशी वेळेवर उपसली न जाता पडून राहते, कुजते, घेतलेलं सगळं पाण्याला परत करते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपवते. एकच झाड एका ठिकाणी कामगार आणि दुसऱ्या ठिकाणी उपद्रव ठरतं, ते त्याच्याभोवती माणसाने काय बांधलं आणि कोणाला पहाऱ्यावर ठेवलं यावरून.

सजीव आणि माणसाने घडवलेलं साहित्य यांची सांगड घालून पाणी, कचरा, ऊर्जा आणि धातू पुन्हा वापरात आणायचे, या विषयाला आता प्रयोगशाळांमधून भारदस्त नावं मिळाली आहेत. परिषदा भरतात, नवउद्योग निघतात. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये जैवनिर्मितीसाठी ‘बायोई-३’ हे धोरण मंजूर केलं. पण या विषयाचा आढावा परदेशातल्या प्रयोगशाळेपासून सुरू करण्याचं कारण नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातच त्याची सत्तर वर्षांची कहाणी सापडते, आणि त्या कहाणीत यशाइतकंच फसलेलंही आहे.

मोटारींच्या आधी पिंपरीत बुरशी आली. टेल्को आणि बजाज यांचे कारखाने इथे उभे राहण्यापूर्वी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. पेनिसिलियम ही बुरशी उथळ भांड्यात पृष्ठभागावर वाढवली तर औषध थेंबाथेंबाने मिळतं. हजारो लिटरच्या पोलादी टाकीत तिला बुडवून वाढवायची तर तिला श्वास घेता आला पाहिजे. म्हणून निर्जंतुक हवा तळातून सोडायची, पंख्याने ढवळायचं, वाढताना निघणारी उष्णता पाण्याच्या नळ्यांनी काढून घ्यायची आणि चुकून एकही परका जिवाणू आत शिरू द्यायचा नाही. औषध बुरशी करते; पोलाद, हवा आणि तापमान सांभाळणं हे इंजिनिअरचं काम. याच कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या हॅमायसिन या बुरशीनाशक औषधाचा जनक ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हा सूक्ष्मजीव. जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या यादीत पिंपरीचं नाव असं कायमचं कोरलं गेलं आहे, आणि पिंपरीतल्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक असावं.

पेनिसिलिनच्या टाकीतला हवेचा धडा आज काळेवाडी, रहाटणी, वाकड, पिंपळे सौदागर इथल्या सोसायट्यांच्या तळघरात गिरवला जातो. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळतं. उन्हाळ्यात टँकर ठरलेले. अशा शहरात वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला देणं हा हौसेचा मामला राहिलेला नाही, आणि मोठ्या गृहप्रकल्पांना सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, बांधावाच लागतो.

मैला आणि सांडपाणी जिवाणूंना खाऊ घालण्याची मूळ युक्ती जुनी आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ती मांडली: सांडपाण्यात हवा सोडत राहा, तयार झालेला जिवंत गाळ फेकू नका, पुढच्या पाण्यात पुन्हा वापरा. १९८०च्या दशकाअखेर नॉर्वेतल्या हाल्वार्ड ओडेगार्ड यांच्या गटाने त्यात प्लास्टिकची भर घातली. बोटाच्या पेराएवढ्या, आत फुल्या असलेल्या नळकांड्या टाकीत सोडायच्या. त्या पाण्यात फिरत राहतात आणि त्यांच्या आतल्या भिंतींवर जिवाणूंचा चिकट थर धरतो. सुरुवातीच्या एका प्रचलित नळकांड्याचा हिशेब असा, की घनमीटरभर माल टाकला तर जिवाणूंना वस्तीसाठी सुमारे ५०० चौरस मीटर जागा मिळते. त्या थराच्या बाहेरच्या अंगाला हवेवर जगणारे जिवाणू, आतल्या अंगाला हवेवाचून जगणारे. जागेच्या टंचाईत माणसं जशी मजल्यावर मजला चढवतात तसाच हा प्रकार, म्हणून दाट वस्तीच्या उपनगरांना तो मानवला. आपल्याकडच्या इमारतींत एमबीबीआर नावाने तोच बसवलेला असतो.

तो बंद का पडतो, हे पाहण्यासारखं आहे. अशा प्रकल्पाच्या वीजबिलाचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून मोठा वाटा एकट्या हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा असतो. बिल्डर ताबा देऊन जातो, पहिलं मोठं बिल येतं, समितीच्या बैठकीत कुणीतरी सुचवतं की रात्री ब्लोअर बंद ठेवू. काही तासांत प्राणवायू संपतो, वास सुटतो, खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला येतात आणि पूर्ण प्रकल्पच बंद करण्याचा ठराव होतो. कुठे निम्मे फ्लॅट रिकामे असल्याने जिवाणू उपाशी राहतात. कुठे घरोघरी ओतलेलं ॲसिड आणि ब्लीचिंग त्यांना मारून टाकतं. पंप जळाला तर दुपारपर्यंत दुसरा बसतो. मेलेला जिवाणूंचा थर पुन्हा धरायला आठवडे लागतात. महापालिकेने बंद प्रकल्पांबद्दल सोसायट्यांना नोटिसा दिल्या, नळजोड तोडण्याचे इशारे दिले. नोटिशीने ब्लोअर सुरू होतो हे खरं, पण थर धरायला तिचा उपयोग नाही.

काळेवाडीपासून थोड्याच अंतरावर, देहूत, हीच सांगड विजेवाचून घातली गेली होती. तरुण डॉक्टर सुहास मापुसकर १९६०च्या सुमारास देहूच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा गावात उघड्यावर शौचाला जाणं हीच रीत होती. जंत आणि हगवणीवर गोळ्या देत राहण्यात अर्थ नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी शौचालयं बांधायला घेतली. सुरुवातीचे प्रयत्न फसले. मग कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडास आणि सफाईचे प्रयोग करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामाची वाट त्यांना मिळाली, आणि त्यातून पुढे मैल्यावर चालणारं ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्र देहूत रुजलं. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेला त्यांनी अप्पासाहेबांचं नाव दिलं होतं.

या संयंत्रात हवा सोडायची नसते, उलट ती आत जाऊ द्यायची नसते. विटा-सिमेंटची हवाबंद टाकी हेच इथलं घडवलेलं साहित्य. आत मिथेन करणारे सूक्ष्मजीव संथपणे काम करतात, म्हणून मैला महिनाभर किंवा अधिक काळ आत राहील असा टाकीचा आकार ठरवावा लागतो. हिशेब मात्र रोखठोक आहे. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला साधारण तीस लिटर गॅस मिळतो आणि एका माणसाच्या स्वयंपाकाला अडीचशे-तीनशे लिटर लागतो. नऊ-दहा जणांच्या शौचावर एकाचा स्वयंपाक! चूल पेटवण्यासाठी कोणी मलप्रभा बांधत असेल तर निराशाच पदरी येणार. गावचा मैला आणि रोगराई आटोक्यात ठेवण्यासाठी बांधली तर गॅस वर मिळतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्याचा गॅस इंधन म्हणून वापरला गेला होता, तेव्हा कल्पनेच्या नवेपणाचा प्रश्नच नाही.

ऊर्जाच हवी असेल तर खरकटं अधिक मोलाचं. पुण्यात आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘आरती’ या संस्थेने हे ओळखलं. शेणात गायीने पचवून उरलेला चोथा असतो; भात, पोळी, सडकी फळं यांत साखर आणि पिष्ट शाबूत असतं. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या कापून, एक दुसरीत उपडी घालून त्यांनी घरगुती संयंत्र बनवलं. २००६ मध्ये त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गच्चीवर मावणारं, गवंड्यावाचून बसणारं असं हे यंत्र. पण त्याला रोज बेताचं खरकटं लागतं. जास्त घातलं तर आत आंबट होतं आणि मिथेन करणारे जीव बसून राहतात. दिवाळीला गावी गेलेल्या कुटुंबाची टाकी उपाशी, आणि लग्नघरातली अजीर्ण झालेली.

सांभाळाच्या अभावी काय होतं याचा देशव्यापी नमुना रेल्वेने दिला. संरक्षण संशोधन संस्थेने सियाचीनसारख्या थंडीत मैला पचवणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण तयार केलं, ते डब्याखालच्या पोलादी टाकीत घातलं आणि काही वर्षांत अडीच लाखांच्या आसपास जैवशौचालयं रुळांवर धावू लागली. रुळांवर पडणारी घाण थांबली, हे मोठंच काम. पण २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात तुंबलेल्या आणि दुर्गंधीच्या शौचालयांबद्दल ताशेरे आले. प्रवासी त्यात बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कापड, सगळं टाकत होते. उणे तापमानात तग धरणारा जीव प्लास्टिकच्या बाटलीपुढे हतबल होता.

झाडांच्या मदतीने पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती त्यामानाने शांत आणि सोशिक. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली फायटोरिड पद्धत मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आणि इतरत्र बसवली गेली आहे. दगड-खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस, नळ अशी झाडं. पाणी पृष्ठभागाखालून वाहतं, म्हणून डास नाहीत. मुळं आपल्याभोवती थोडा प्राणवायू सोडतात आणि खडीवरचे जिवाणू मैला खातात. काम मुख्यतः जिवाणूंचं, तरी नाव झाडांचं होतं. आयआयटी मुंबईच्या एच. एस. शंकर यांनी माती, खनिजं आणि गांडुळं यांचा थर रचून ‘सॉइल बायोटेक्नॉलॉजी’ मांडली, तिलाही वीज अगदी कमी लागते. पुण्याच्या सृष्टी इको-रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संदीप जोशी यांनी वाहत्या ओढ्यातच दगड, वाळू आणि काथ्याचे आडवे बांध घालून ‘ग्रीन ब्रिज’ तयार केला. उदयपूरच्या आहड नदीवर तो वापरला गेला. काथ्याच्या तंतूंवर गाळ अडतो आणि जिवाणू वस्ती करतात.

मग काळेवाडीत हे का नको? इथे भूगोल आणि गुंठेवारी आडवी येते. उष्ण प्रदेशात झाडांच्या वाफ्याला माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरावी लागते. म्हणजे लाखभर लोकांना किमान दहा हेक्टर, पंचवीस एकर. तापकीरनगर, ज्योतिबानगर, विजयनगरच्या बोळांत रुग्णवाहिका वळवताना नाकी नऊ येतात, तिथे पंचवीस एकर कुठून आणायचे? मोकळी जागा उरते ती निळ्या पूररेषेच्या आत, आणि धरणाचं पाणी सुटलं की वाफे, खडी, कर्दळ सगळं पाण्याखाली. ही पद्धत नव्या टाऊनशिपला, चाकणकडच्या कारखान्यांच्या मोठ्या आवारांना आणि ताथवडे-रावेतकडच्या शिल्लक जमिनींना मानवेल. दाट वस्तीसाठी नळकांड्या आणि ब्लोअरच बरे. नाल्यांच्या मुखाशी काथ्याचे बांध घालता येतील, पण त्यांतला गाळ दर पावसाळ्याआधी काढला नाही तर पाणी वस्तीत शिरेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यांतले ५५, म्हणजे इतर कुठल्याही राज्याहून जास्त, महाराष्ट्रात होते. एकाच नमुन्याचा प्रकल्प सगळीकडे बसवण्याचा मोह यंत्रणेला होतो तो अशा आकड्यांमुळे.

थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्याखाली अधूनमधून जो पांढरा फेस तरंगतो, तो मात्र कर्दळीच्या आवाक्याबाहेरचा. कारखान्यांचं पाणी मैल्यासारखं नसतं. भोसरी आणि चाकणच्या प्लेटिंगच्या शॉपमधून क्रोमियम, निकेल, जस्त निघतं. धातू जिवाणूला खाऊन संपवता येत नाही. फार तर त्याचं रूप बदलता येतं किंवा तो अंगावर धरून ठेवता येतो. विषारी षट्‌संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी रूप करणारे जिवाणू आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने धातू शोषून घेणाऱ्या जैविक पदार्थांवर काम केलं. या शाखेतली गमतीची गोष्ट अशी की शोषणाचं काम मेलेली बुरशीही करते, आणि औषधाच्या टाक्यांतून उरणारा पेनिसिलियमचा लगदा हा त्यासाठी जगभर तपासला गेलेला कच्चा माल आहे. न्यूझीलंडची मिंट इनोव्हेशन ही कंपनी जुन्या सर्किट बोर्डांतून विरघळवलेलं सोनं सूक्ष्मजीवांच्या साह्याने टिपून घेते. विजेवरच्या गाड्यांमुळे या पट्ट्यात उद्या बॅटऱ्यांचं भंगार साचणार आहे. ते उघड्यावर फोडायचं की अशा टाक्यांत न्यायचं, हे ठरवायची वेळ आत्ताची आहे.

वस्तूच सजीवांकडून बनवून घेण्याची दिशा वेगळी. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीत जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखरेपासून जिवाणू लॅक्टिक ॲसिड करतात आणि त्यातून पीएलए हे प्लास्टिक बनतं. उसाच्या राज्यात ही वाट साहजिक आहे. फक्त ‘कुजणारं प्लास्टिक’ ऐकून ते परसातल्या खड्ड्यात टाकणाऱ्याची फसगत होईल, कारण पीएलए कुजायला साठ अंशांच्या आसपास तापलेला औद्योगिक कंपोस्ट लागतो. मोशीत ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेला १४ मेगावॉटचा प्रकल्प कचरा जाळून वीज करतो. तिथे पोचलेलं जैवप्लास्टिक साध्या प्लास्टिकसारखंच जळेल.

बुरशीच्या तंतूंनी भुसा बांधून थर्मोकोलसारखे ठोकळे करण्याची युक्ती २००७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या इकोव्हेटिव्हने बाजारात आणली. चाकणहून सुटे भाग पाठवणाऱ्यांना ती सुचवली जाते. पण हे ठोकळे थर्मोकोलहून बरेच जड असतात आणि ओल धरतात. जुलैतल्या घाटातून जाणाऱ्या ट्रकमध्ये ते टिकतील का, हे कुणीतरी आधी तपासावं.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे हेंक यॉन्कर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य मिसळून भेगा आपोआप बुजवून दाखवल्या. भेग पडली, पाणी शिरलं की जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करतात. मिलिमीटरच्या आतली भेग बुजते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलोक कुमार यांच्या गटाने युरिया, गवार डिंक आणि जिवाणू वापरून विटा केल्या, चंद्रावरच्या मातीचा विचार करून. पाण्याच्या टाक्या आणि भूमिगत भिंतींसाठी भेगा बुजवणाऱ्या काँक्रीटची किंमत परवडू शकेल. गळक्या स्लॅबवर अजून तरी डांबरी पट्टीच स्वस्त.

सर्वांत झळाळी आहे ती हवेतला कार्बन शोषणाऱ्या जिवंत साहित्याला. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने २०२५ मध्ये सायनोबॅक्टेरिया भरलेलं, छापून आकार देता येणारं जेल जाहीर केलं. ते ४०० दिवसांत दर ग्रॅममागे सुमारे २६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवतं. काम देखणं आहे. चाकणमध्ये बनलेल्या एखाद्या दुचाकीत घातलेलं लिटरभर पेट्रोल जळालं की सव्वादोन किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढा परत मिळवायला या जेलचे ऐंशी-नव्वद किलो वर्षाहून अधिक काळ पोसावे लागतील. जनुकं बदललेले जिवाणू अशा साहित्यात घातले, तर ते मोकळ्या वातावरणात सोडण्यासाठी आपल्याकडे १९८९च्या नियमांखाली केंद्रीय समितीची परवानगी लागते. नदीकाठच्या भिंतीला ती सहजी मिळणार नाही, आणि मिळूही नये.

या सगळ्या यादीत पुण्याची गंगाजळी मोठी आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडेही सूक्ष्मजीवांचा प्रचंड साठा आहे. जिवाणूंची वाण इथे नाही. टंचाई आहे ती त्यांच्याकडे रोज पाहणाऱ्या माणसाची. सोसायटीच्या वार्षिक देखभाल करारात ब्लोअर, पंप, पॅनल, व्हॉल्व्ह यांची यादी असते. गाळाची तपासणी बहुधा नसते. रात्रपाळीचा ऑपरेटर ठेकेदाराचा, पगार बेताचा, आणि त्याला शिकवलेलं असतं ते स्टार्टरचं बटण. वास्तविक तपासणी फार अवघड नाही. टाकीतलं पाणी एक लिटरच्या मापनळीत अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि गाळ किती खाली बसला ते वाचायचं. गाळ तपकिरी असेल तर प्रकृती ठीक, काळा पडला तर हवा कमी पडते आहे, बसण्याऐवजी फुगून वर राहिला तर आत नको त्या तंतूंचं राज्य झालं आहे. औंध आणि निगडीच्या आयटीआयमध्ये जोडारी आणि वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांना ही चाचणी आठवडाभरात शिकवता येईल. या पट्ट्यातल्या कारखान्यांत दर पाळीला यंत्राची नोंदवही भरण्याची शिस्त आहेच. तीच वही तळघरातल्या टाकीशेजारी लटकवायला प्रत्येक सोसायटीला एक खिळा आणि महिन्याला ऑपरेटरच्या पगारात थोडी वाढ एवढाच खर्च येईल.